सेलेनियम की प्लेराइट? कापूस खरेदीच्या पावतीवर पारखून

खान्देशातल्या जिनिंग, डाळ मिल, केळीचे व्यापारी, पतसंस्था यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणारी टीम बहुतेक वेळा तीन ते सहा जणांची असते. टेस्टिंगला वेगळा माणूस नसतो. नवी आवृत्ती द्यायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी बसून चार पावत्या काढून बघतो आणि ‘चालतंय’ म्हणतो. हे परवडेनासं झालं की ऑटोमेटेड ॲक्सेप्टन्स टेस्ट (वापरणारा जे करतो ते ब्राउझरमध्ये आपोआप करून तपासणारे प्रोग्राम) लिहायचं ठरतं, आणि पहिल्याच दिवशी प्रश्न येतो: सेलेनियम घ्यायचं की प्लेराइट? एखादा सायप्रेसचंही नाव घेतो.

ही तिन्ही ब्राउझर आपोआप चालवणारी साधनं आहेत, तिन्ही फुकट आहेत आणि तिन्ही क्रोम चालवतात. इन्स्टॉल कसं करायचं, कोणकोणत्या भाषा चालतात, हे सगळीकडे वाचायला मिळतं, ते इथे नको. मी एकाच गोष्टीवर तोलणार आहे. टेस्ट लाल, म्हणजे फेल, झाली की सॉफ्टवेअरमध्ये खरंच काहीतरी बिघडलंय, हा भरवसा कशात लवकर येतो? हा भरवसा गेला की लोक लाल टेस्ट बघून ‘परत चालव, होईल पास’ म्हणायला लागतात. मग त्या टेस्ट असून नसल्यासारख्याच.

उदाहरण म्हणून एक पावती

जिनिंगमधल्या कापूस खरेदीची पावती घेऊ. भरलेल्या ट्रॉलीचं वजन ५,४६० किलो, रिकामीचं ३,१२०, निव्वळ २,३४० किलो, म्हणजे २३.४० क्विंटल. भाव ७,००० धरला तर १,६३,८०० रुपये. ओलावा १० टक्के निघाला, मूळ मर्यादा ८ ची, म्हणून २ टक्के कटती, ३,२७६. हमाली क्विंटलला १० रुपये, २३४. शेतकऱ्याच्या हाती १,६०,२९०.

यातला हिशेब ब्राउझरमधून तपासत बसू नका. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ च्या वर १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर कटती लावून माल घेतात, १२ च्या वर घेत नाहीत. हाच नियम सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ८, ८.१, १२ आणि १२.१ या चारही सीमा युनिट टेस्टमध्ये (ब्राउझर न उघडता फक्त हिशेबाचा कोड तपासणारी टेस्ट) तपासा. तिथे त्या डोळ्याची पापणी लवते तोवर होतात. ब्राउझरमधून दोनच वाटा पुरतात: कटती लागून पावती निघते ती एक, आणि माल नाकारला जातो ती दुसरी. छोट्या सॉफ्टवेअरला अशा पंधरा-वीस वाटा नीट चालल्या तरी खूप झालं. दोनशे ब्राउझर टेस्ट लिहिणारी टीम त्या सांभाळण्यातच अडकते, मग साधन कोणतंही असो.

पडद्यावर घडतं ते असं. मुनीम रिकाम्या गाडीचं वजन भरतो, ते सर्व्हरकडे जातं, निव्वळ वजन आणि रक्कम परत येते, त्या गाडीची ओळ पुन्हा रंगवली जाते आणि ‘पावती छापा’ हे बटण चालू होतं. माझ्या मते निवडीचा निकाल याच जागी लागतो.

जुना घटक, नवी ओळ

सेलेनियममध्ये आपण ‘पावती छापा’ शोधतो तेव्हा हातात त्या क्षणीच्या बटणाचा संदर्भ येतो. मधल्या काळात ओळ पुन्हा रंगवली गेली तर ते बटण पानावरून गेलेलं असतं. त्याच्या जागी हुबेहूब दुसरं आलेलं असतं, पण आपल्या हातात जुन्याचाच संदर्भ. क्लिक केलं की ‘स्टेल एलिमेंट रेफरन्स’ची चूक येते. आपल्या लॅपटॉपवर सर्व्हर शेजारीच चालू असतो, उत्तर इतक्या लवकर येतं की शोधायच्या आतच ओळ बदलून झालेली असते आणि टेस्ट पास होते. रात्री सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) मशीन हळू असतं, शोधणं आणि क्लिक करणं यांच्या मध्येच ओळ बदलते आणि टेस्ट फेल. सकाळी परत चालवली की पास.

यावर पहिला उपाय सुचतो तो दोन सेकंद थांबायचा. तोही पुरत नाही, मग पाच करतात. वीस टेस्टमध्ये अशा पाच-सहा झोपा प्रत्येकी टाकल्या की आठ-दहा मिनिटं नुसती थांबण्यात जातात, आणि ज्या रात्री उत्तराला साडेपाच सेकंद लागतात त्या रात्री टेस्ट तरीही फेल होतेच.

दुसरी वरवरची वाट म्हणजे इम्प्लिसिट वेट. तो फक्त घटक सापडेपर्यंत थांबतो. घटक सापडला पण अजून बंद आहे, याची त्याला फिकीर नाही. बंद बटणावर सेलेनियमने क्लिक केलं तर चूकसुद्धा येत नाही. काहीच घडत नाही आणि टेस्ट पुढच्या पायरीवर भलत्याच कारणाने पडते. शिवाय इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट (ठरावीक अट पुरी होईपर्यंत थांबणारा) वेट एकत्र वापरू नका, असं सेलेनियमच्या दस्तऐवजातच बजावलं आहे. एक १० सेकंदांचा आणि दुसरा १५ चा लावला तर टाइमआउट २० सेकंदांनी होऊ शकतो, हे उदाहरण तिथलंच.

खरा उपाय सेलेनियममध्ये आहे. वेबड्रायव्हर-वेट, म्हणजे तोच एक्स्प्लिसिट वेट, घ्यायचा, त्याला ‘स्टेल’ची चूक दुर्लक्षित करायला सांगायचं, आणि घटक आधी शोधून न ठेवता प्रत्येक फेरीत त्याच्या निवडीच्या नियमावरून नव्याने शोधायचा. तो वेट दर अर्ध्या सेकंदाला पुन्हा बघतो. असं एक छोटं आवरण लिहून सगळ्या टेस्टना त्यातूनच जायला लावलं तर सेलेनियमच्या टेस्टही वर्षानुवर्षं शांतपणे चालतात. ज्यांनी हे केलंय त्यांना हा लेख वाचून काही बदलायची गरज नाही. अडचण पुढची आहे. हे आवरण तुमच्या टीमचं, तुम्हीच लिहायचं, तुम्हीच सांभाळायचं. नवा मुलगा आला की त्याला ते समजावून सांगायचं. त्याने एका घाईच्या दिवशी सरळ शोधून सरळ क्लिक केलं की तीच टेस्ट तीन आठवड्यांनी रात्री पडणार.

प्लेराइटमध्ये हे आवरण मुळातच आहे. तिथला लोकेटर म्हणजे धरलेला हात नव्हे, लिहून ठेवलेला पत्ता आहे. प्रत्येक कृतीच्या वेळी प्लेराइट त्या पत्त्यावर नव्याने जातं. क्लिक करण्याआधी ते बघतं की त्या पत्त्यावर नेमका एकच घटक आहे, तो दिसतो आहे, हलत नाही, त्याच्यावर दुसरं काही आडवं आलेलं नाही आणि तो चालू आहे. ‘हलत नाही’ म्हणजे लागोपाठच्या दोन ॲनिमेशन फ्रेममध्ये त्याची चौकट तिथेच आहे. वजनाची ओळ तीनदा रंगवली गेली तरी आपल्याला एक अक्षर जास्त लिहावं लागत नाही. अपेक्षा तपासतानाही तसंच. रकमेच्या जागी १,६०,२९० दिसायला हवेत असं लिहिलं की ते ५ सेकंदांपर्यंत पुन्हापुन्हा बघत राहतं, आणि दिसताच क्षणी पुढे जातं.

मी मोजमाप करून टक्केवारी काढलेली नाही. पण एवढं सांगू शकतो की प्लेराइट घेतल्यावर सकाळी लाल दिसलेल्या टेस्टमागे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचीच खोड निघते. माझ्यासाठी कल तिथेच ठरला. बाकीचे मुद्दे त्यानंतरचे.

प्लेराइटमध्येही फसायच्या जागा

आपोआप थांबतं म्हणून सगळंच थांबतं असं नाही. घटकातला मजकूर आधी काढून घेतला आणि मग साध्या तुलनेने तपासला, तर ती तुलना एकदाच होते. ‘दिसतंय का’ हे विचारणारी पद्धतही त्या क्षणीचं उत्तर देऊन मोकळी होते, थांबत नाही. सेलेनियममधून आलेला माणूस सवयीने असंच लिहितो आणि मग प्लेराइटच्या नावाने बोटं मोडतो. तपासणी नेहमी थांबणाऱ्या ‘एक्स्पेक्ट’नेच, थेट लोकेटरवर करा.

टाइपस्क्रिप्टमध्ये ‘अवेट’ (काम पुरं होईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) विसरलात तर त्याहून वाईट होतं. अपेक्षा तपासली जायच्या आतच टेस्ट संपते आणि हिरवी दिसते. लिंटरमध्ये (कोड न चालवता चुका दाखवणाऱ्या साधनात) ‘अवेट’ न लावता सोडून दिलेल्या प्रॉमिसवर चूक दाखवणारा नियम पहिल्या दिवशीच चालू करा.

एका टेस्टला डिफॉल्ट मुदत ३० सेकंदांची असते, पण एकेका कृतीला वेगळी मुदत नसते. म्हणजे चुकीच्या लोकेटरवरचं एक क्लिक पूर्ण ३० सेकंदं खातं. कॉन्फिगमध्ये कृतीची मुदत १० सेकंद लावून ठेवा. हे टाइपस्क्रिप्टच्या रनरचं (टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचं) झालं. जावा आणि पायथनमध्ये प्रत्येक कृतीलाच डिफॉल्ट ३० सेकंद मिळतात.

आणखी एक जागा आहे, तिथे प्लेराइटचीही मात्रा चालत नाही. पान सर्व्हरवर तयार होऊन येत असेल, तर बटण दिसतं, चालू असतं, पण त्याला जोडायची जावास्क्रिप्ट अजून उतरलेली नसते. प्लेराइट सगळं तपासून क्लिक करतं आणि ते क्लिक हवेत जातं. टेस्टमध्ये झोप टाकून हे झाकू नका. हळू नेटवर खऱ्या मुनीमालाही हेच होतं. जावास्क्रिप्ट जोडली जाईपर्यंत बटण बंद ठेवणं हा उपाय सॉफ्टवेअरमध्येच करावा लागतो.

मराठी पडदा असेल तर

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण इंग्रजी मार्गदर्शनात हे सापडत नाही.

प्लेराइट सुचवतं की घटक त्याची भूमिका आणि दिसणारं नाव यांवरून शोधा, उदाहरणार्थ ‘पावती छापा’ नावाचं बटण. सल्ला चांगला आहे, पण ‘शेतकऱ्याचे नाव’ असं लेबल आलं की एक विचित्र प्रकार होतो. यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली नुक्ता असलेला वेगळा ‘ऱ’ वापरला जातो. दुसऱ्यावर साधा र, त्याला हलन्त, आणि पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळ्या ओळी. युनिकोड नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत. पडद्याचा मजकूर एकाने लिहिला, टेस्ट दुसऱ्याने, की लोकेटरला घटक सापडत नाही आणि दोघंही पडद्याकडे बघत बसतात. सेलेनियममध्ये एक्सपाथने (पानावरचा घटक शोधायची एक पद्धत) मजकूर शोधला तरी हेच होणार. उपाय दोन: मराठी मजकूर एकाच फाइलमध्ये ठेवून टेस्टनेही तिथूनच घ्यायचा, किंवा अशा घटकांना टेस्ट-आयडी (फक्त टेस्टसाठीचं वेगळं नाव) द्यायचा. मी पहिला करतो, आणि वारंवार बदलणाऱ्या लेबलांपुरता दुसरा.

आकड्यांचं तसंच. कोडमध्ये रक्कम ब्राउझरच्या डिफॉल्ट भाषेवर सोडलेली असेल, तर अमेरिकन इंग्रजीच्या सीआयवर एक लाखाच्या पुढे हजार-हजारांच्या गटांनी स्वल्पविराम पडतात. भारतीय इंग्रजीत लाखाचा स्वल्पविराम येतो, पण आकडे इंग्रजी. मराठी भाषा लावली तर आकडेही देवनागरी होतात. एकच रक्कम, तीन रूपं. प्लेराइटच्या कॉन्फिगमध्ये भाषा आणि टाइमझोन या दोन ओळी आहेत, त्या तिन्ही ब्राउझर इंजिनांना लागू होतात. सेलेनियममध्येही करता येतं, पण प्रत्येक ब्राउझरचे पर्याय वेगळे आणि टाइमझोनसाठी बऱ्याचदा मशीनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये हात घालावा लागतो.

टाइमझोन सोडून चालत नाही. सीआयची मशीनं बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. सीझनमध्ये गाड्या पहाटे काट्यावर लागतात. पहाटे चारला काढलेली पावती यूटीसीत कालच्या तारखेची ठरते. १ एप्रिलच्या पहाटे तर पावतीच जुन्या आर्थिक वर्षाच्या क्रमांकमालिकेत जाते. प्लेराइटमध्ये घड्याळ हव्या त्या क्षणावर गोठवता येतं, त्यामुळे ‘१ एप्रिल, रात्री २ वाजता’ ही टेस्ट ऑगस्टमध्येही चालवता येते. मात्र हे घड्याळ फक्त ब्राउझरमधलं. पावतीची तारीख सर्व्हर ठरवत असेल तर सर्व्हरलाही बाहेरून वेळ देण्याची सोय करावी लागते, नाहीतर पडद्यावर एप्रिल आणि डेटाबेसमध्ये ऑगस्ट.

छपाईचा टॅब, आणि सायप्रेस मागे का पडलं

पावती छापताना आपल्याकडच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नवा टॅब उघडतो. सायप्रेसची टेस्ट ब्राउझरच्या आतच, पानाच्या शेजारी चालते. त्यामुळे चालताना प्रत्येक पायरी फार छान दिसते, पण दुसरा टॅब त्याच्या हाती लागत नाही. लिंकवरचा नव्या टॅबचा गुणधर्म काढून ती त्याच टॅबमध्ये उघडणं, किंवा विंडो उघडणारी क्रियाच बदलून टाकणं, हे मार्ग आहेत. पण मग मुनीम जे करतो ते आपण तपासत नाही. शिवाय टेस्ट जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टमध्येच लिहायच्या. एकाच टॅबमध्ये चालणारं, रिॲक्टमध्ये केलेलं सॉफ्टवेअर असेल आणि टीम फक्त फ्रंटएंडची असेल तर सायप्रेस वाईट नाही. एवढंच त्याबद्दल.

सेलेनियममध्ये नव्या टॅबचं हँडल शोधून तिकडे वळावं लागतं आणि काम झालं की आठवणीने परत यावं लागतं. प्लेराइटमध्ये दोन्ही टॅब दोन वेगळ्या वस्तू म्हणून हातात राहतात. फक्त नव्या टॅबची वाट बघणं क्लिकच्या आधी सुरू करावं लागतं. क्लिकनंतर वाट बघायला लागलात तर टॅब कधीच उघडून गेलेला असतो.

प्रिंटची खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमची, ती दोघांच्याही कक्षेबाहेर. पानावरची प्रिंटची क्रिया टेस्टपुरती बदलून ती एकदाच बोलावली गेली का हे बघा, आणि पावतीचा मजकूर नव्या टॅबमध्येच तपासा.

फेल झाल्यावर पुरावा काय उरतो

सेलेनियममध्ये फेल झाल्याचा स्क्रीनशॉट आपणच जोडतो. तो पडल्यानंतरचा असतो, पडण्याआधी काय झालं ते त्यात नसतं. प्लेराइट ट्रेस ठेवतं. प्रत्येक कृतीच्या आधीचं आणि नंतरचं पान, नेटवर्कवरच्या मागण्या, कन्सोलवरचे संदेश, टेस्टची ओळ, सगळं एका झिप फाइलमध्ये. पहिल्या फेरप्रयत्नाला ट्रेस घे, असं कॉन्फिगमध्ये ठेवलं की रोजचा रन जड होत नाही. जळगावात पडलेली टेस्ट पुण्यात बसलेला सहकारी ती फाइल उघडून बघू शकतो, त्याच्याकडे सॉफ्टवेअर चालू असायचीही गरज नाही. वजनाची मागणी गेली, उत्तर ५०० (सर्व्हरमधली चूक) आलं, म्हणून बटण बंदच राहिलं, हे दोन मिनिटांत दिसतं.

ट्रेसमध्ये पडद्यावरचं सगळं येतं, हे मात्र विसरू नका. टेस्टच्या डेटात खऱ्या शेतकऱ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतील तर ती फाइल व्हॉट्सॲपवर फिरणं घातक आहे. टेस्टसाठी नावं-खाती बनावटच ठेवा.

फेरप्रयत्नांबद्दलही सांगतो. प्लेराइटमध्ये दुसऱ्या प्रयत्नात पास झालेली टेस्ट अहवालात ‘फ्लेकी’ म्हणून वेगळी दिसते. सीआयवर एक फेरप्रयत्न ठेवा, लॅपटॉपवर शून्य, आणि फ्लेकीची यादी आठवड्यातून एकदा बघा. न बघता प्रयत्न तीनवर नेले की जुनाच आजार परत येतो.

सेलेनियमचं पारडं कुठे जड

हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वेबड्रायव्हर, म्हणजे सेलेनियम ब्राउझरला आज्ञा देतं ती पद्धत, २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) मानक आहे आणि ब्राउझर बनवणारे स्वतः त्याचा ड्रायव्हर देतात. त्यामुळे खऱ्या सफारीवर टेस्ट चालवायची असेल तर सेलेनियमच. प्लेराइटचं वेबकिट म्हणजे त्याच इंजिनाची त्यांनी बांधलेली आवृत्ती, आयफोनवरची सफारी नव्हे. एजच्या आयई मोडमध्येच चालणारं जुनं सॉफ्टवेअर गळ्यात असेल तरी सेलेनियम. मोबाइल ॲपसाठी ॲपियम वापरत असाल तर तेही वेबड्रायव्हरच्याच वाटेने जातं, सवय कामी येते. आणि तुमचं खरेदीचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोज डेस्कटॉपचं असेल तर प्लेराइटचा काही उपयोग नाही.

माणसांचाही विचार करा. इथून पुण्याला जाऊन क्लास करून आलेल्या मुलांना जावा-सेलेनियम येत असतं. ते येत असताना टाइपस्क्रिप्ट शिकवायला लागणारा वेळ हा खर्चच आहे. प्लेराइट जावातही चालतं, पण ट्रेस, फेरप्रयत्न आणि समांतर रन यांची सगळी बसवलेली सोय टाइपस्क्रिप्टच्या रनरमध्ये आहे. जावात ती जेयुनिट या जावाच्या टेस्ट-साधनाभोवती आपल्याला जुळवावी लागते.

डाउनलोडचंही आहे. प्लेराइटची प्रत्येक आवृत्ती ठरावीक ब्राउझर आवृत्त्यांशी बांधलेली असते, अपडेट केलं की ब्राउझर पुन्हा उतरवायचे. नेट धड नसेल तर तिन्ही न उतरवता फक्त क्रोमियम (क्रोमचं मूळ) उतरवा, आपल्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांचं काम त्यातच भागतं. सेलेनियम मशीनवरचंच क्रोम वापरतं. पूर्वी क्रोम आपोआप अपडेट होऊन ड्रायव्हरशी जुळेनासं व्हायचं. ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर योग्य ड्रायव्हर स्वतः आणतो, त्यामुळे ती जुनी तक्रार आता सेलेनियमच्या माथी मारू नये.

साधन कोणतंही असो, हे करावंच लागतं

प्रत्येक टेस्टने आपली फर्म, आपला शेतकरी, आपली क्रमांकमालिका एपीआयमधून (पडद्याला वळसा घालून थेट सर्व्हरकडे) स्वतः तयार करावी. दोन टेस्ट एकाच मालिकेतून पावती काढायला लागल्या की एकीला ४१ नंबर अपेक्षित असतो आणि मिळतो ४२. प्लेराइट डिफॉल्टला निम्म्या प्रोसेसर कोअरइतके वर्कर (टेस्ट चालवणाऱ्या वेगळ्या प्रक्रिया) समांतर चालवतं, म्हणून ही चूक तिथे लवकर उघडी पडते. वर्कर एकवर आणून ती दाबू नका. ८ जीबी रॅमच्या मशीनवर दोन वर्कर ठेवा, पण डेटा वेगळाच ठेवा.

इलेक्ट्रॉनिक काटा टेस्टमध्ये खरा लावू नका. सीरियल पोर्टवरून वजन वाचणाऱ्या प्रोग्रामच्या जागी एक छोटा नकली प्रोग्राम ठेवा, आणि त्याला लगेच स्थिर वजन द्यायला लावू नका. ५,४५२, ५,४६६, ५,४६० असं डुलत येऊन थांबू द्या. गाडी काट्यावर चढताना असंच होतं, आणि स्थिर व्हायच्या आतलं वजन उचलणं हीच या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात महागडी चूक असते.

सीआय डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) असेल तर शेअर्ड मेमरी डिफॉल्टला ६४ एमबी मिळते आणि क्रोम मध्येच कोसळतो. ती २ जीबी करा, किंवा होस्टचा आयपीसी द्या, म्हणजे मूळ मशीनचीच शेअर्ड मेमरी वापरू द्या. हा दोष टेस्टचा वाटतो, असतो कंटेनरचा.

टेस्ट मराठीत लिहाव्यात का, असंही विचारतात. क्युकंबर या साध्या वाक्यांत टेस्ट लिहू देणाऱ्या साधनाच्या गर्किन भाषेत मराठी आहे. अशा ओळी खरोखर चालतात:

परिदृश्य: जास्त ओलाव्याला कटती लागते
जर निव्वळ वजन २३.४० क्विंटल आणि भाव ७,००० आहे
जेव्हा ओलावा १० टक्के नोंदवला जातो
मग कटती ३,२७६ रुपये दिसते

जिनिंगचा मालक किंवा दिवाणजी या ओळी वाचून ‘हो, असंच’ म्हणणार असेल तर हे लिहा, फार उपयोगी पडतं. वाचणारे फक्त प्रोग्रामर असतील तर हा एक जादा थर आहे, तोही सांभाळावा लागतो. मग टेस्टचं नाव मराठीत नीट द्या, तेवढं पुरे.

ठरवायचं असेल तर

पाटी कोरी असेल, सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल आणि गिऱ्हाइकं क्रोम वापरत असतील, तर मी प्लेराइट आणि टाइपस्क्रिप्टच्या बाजूने आहे. सेलेनियमच्या शंभरेक टेस्ट आधीच नीट चालत असतील तर त्या मोडू नका. थांबण्याचं आवरण नसेल तर आधी ते लिहा, अर्धा त्रास तिथेच जातो. चालत नसतील तरी सगळ्या एकदम हलवू नका. सगळ्यात जास्त वेळा उगाच पडणारी एक निवडा आणि तेवढीच प्लेराइटमध्ये नव्याने लिहा, दोन्ही काही दिवस शेजारी चालू द्या. जुन्या टेस्टच्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या तर त्यातल्या झोपाही सोबत येतात. म्हणून जुना कोड बंद ठेवून मुनीम काय करतो ते बघून लिहा.

हे काम मार्चनंतर, खरेदी ओसरल्यावर काढा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की टेस्टच्या साधनात हात घालायला कुणालाच सवड नसते. पहिली पावतीची टेस्ट लिहून झाली की रिपीट-ईच हा पर्याय देऊन ती वीस वेळा चालवा, दोन वर्कर लावून, सीआयच्याच मशीनवर. विसातली एक जरी पडली तर ट्रेस उघडा, आणि कारण सापडेपर्यंत दुसरी टेस्ट लिहायला घेऊ नका.